पार्श्वभूमी : बॉब हॉटन आणि दोहाआधीचं लांबलेलं शिबिर

भारतीय फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक बॉब हॉटन यांची खेळाडू म्हणून कारकीर्द थोडक्यात आटोपते. इंग्लंडमधल्या फुलहॅम क्लबमध्ये उमेदवारी केली, वरिष्ठ संघात जम बसला नाही, मग खालच्या लीगमधले क्लब. १९७४मध्ये स्वीडनच्या माल्मोने संघ हाती दिला तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. माणसामागे माणूस न लावता चौघांच्या सरळ बचावफळीने जागा राखायची, ही त्यांची पद्धत तिथल्या अनेक जाणकारांना अजिबात रुचली नाही. तरी तीन लीग विजेतेपदं आली, आणि १९७९मध्ये युरोपियन कपची अंतिम फेरी. ती नॉटिंगहॅम फॉरेस्टने १-० अशी जिंकली. पुढे ब्रिस्टल सिटी, टोरंटो, कोलोराडो, चीन.

२००६मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून भारतात आले. २००७ आणि २००९चे नेहरू चषक, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात सीरियावर मात. २००८मध्ये दिल्लीत ताजिकिस्तानला ४-१ने हरवून एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज कप जिंकला आणि जानेवारी २०११मध्ये दोहात होणाऱ्या आशिया चषकाचं दार उघडलं; भारत त्यात २७ वर्षांनी उतरणार होता.

वाद सुरू झाला तो इथून. २०१०मध्ये बरेच महिने राष्ट्रीय खेळाडू क्लबऐवजी शिबिरात होते. पोर्तुगालमध्ये तयारी, मग एकामागून एक मैत्रीपूर्ण लढती. खेळाडू असे दीर्घकाळ दूर राहिल्यावर क्लबांनी नाराज होणं अगदी रास्त होतं. निकालांनी त्यात भर घातली. पुण्यात व्हिएतनामला ३-१ने हरवलं, पण पाठोपाठ तिथेच येमेनकडून ३-६ अशी हार झाली. नोव्हेंबरमध्ये कुवेतने तर नऊ गोल केले. दोहात ऑस्ट्रेलियाने ०-४, बहारीनने २-५, दक्षिण कोरियाने १-४ असं हरवलं, आणि सगळं खापर शिबिरावर फुटलं.

हे खापर चुकीच्या जागी फुटलं. ऑस्ट्रेलिया-कोरियापुढे नव्वद मिनिटं तग धरायचा तर दम आणि फळीची शिस्त दोन्ही हवीत. ती तीन आठवड्यांत अंगी बाणत नाहीत. खरी उणीव वेगळीच होती. २००९च्या नेहरू चषकानंतर वरिष्ठ संघ थेट दोहातच स्पर्धेत उतरला. दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेला आणि २०१०च्या चॅलेंज कपला २३ वर्षांखालील मुलं गेली. त्यांनी सॅफ जिंकलीही. पण वरिष्ठांना सोळा महिने गुण पणाला लागलेला एकही सामना मिळाला नाही. सराव भरपूर झाला, कसोटी झालीच नाही. हा निर्णय एकट्या हॉटन यांच्या नावावर लिहिणं अन्यायाचं आहे; पात्रता आधीच मिळाली म्हटल्यावर भारतीय फुटबॉल महासंघालाही तो सोयीचा वाटला होता.

एप्रिल २०११मध्ये ते पायउतार झाले. पुढच्याच वर्षी काठमांडूतल्या चॅलेंज कपमध्ये भारत तिन्ही सामने हरला, आणि आशिया चषकात परतायला २०१९ उजाडलं.