जंगल राखल्याचा मोबदला आणि जंगलाचे कार्बन क्रेडिट

उष्णकटिबंधातील जंगले तोडली जाऊ नयेत म्हणून श्रीमंत देशांनी आणि कंपन्यांनी पैसे मोजावेत, हा विचार आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र हे पैसे देण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि बातम्यांमध्ये दोन्हींना सर्रास ‘कार्बन क्रेडिट’ म्हटले जाते. ब्राझीलचा ॲमेझॉन निधी हे पहिल्या पद्धतीचे, म्हणजे कामगिरीवर आधारित मोबदल्याचे, सर्वांत मोठे उदाहरण आहे. झिम्बाब्वेतील करिबा प्रकल्प हे दुसऱ्या पद्धतीचे, म्हणजे विकल्या जाणाऱ्या क्रेडिटचे, सर्वाधिक चर्चा झालेले उदाहरण आहे. दोन्हींत हिशेब टनांत होतो आणि दोन्हींत हवेत न गेलेल्या कार्बन डायऑक्साइडसाठी पैसे दिले जातात, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. पैसे देणाऱ्याला त्या टनाचे पुढे काय करता येते, हे पाहिल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही.

दोन्हींचा उगम एकच आहे. क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत, म्हणजे विकसनशील देशांतील उत्सर्जन-कपातीचे टन श्रीमंत देशांना आपल्या हिशेबात धरू देणाऱ्या व्यवस्थेत, वनक्षेत्रापुरते सांगायचे तर फक्त नवीन झाडे लावण्याला स्थान होते. उभे जंगल वाचवणे त्यातून वगळलेले होते. २००५ मध्ये मॉन्ट्रियल येथील हवामान परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी हा प्रश्न मांडला, त्यातून जंगल राखण्यासाठी मोबदला देण्याची ‘रेड प्लस’ नावाची चौकट आकाराला आली आणि २०१३ च्या वॉर्सा परिषदेत तिचे नियम ठरले. पैसा सरकारांकडून यावा की बाजारातून, याचे एकच बंधनकारक उत्तर त्या चौकटीने दिले नाही.

ॲमेझॉन निधी २००८ मध्ये स्थापन झाला आणि त्याची व्यवस्था बीएनडीईएस या ब्राझीलच्या राष्ट्रीय विकास बँकेकडे सोपवली गेली. नॉर्वेने त्यासाठी शंभर कोटी डॉलरपर्यंत देण्याची तयारी दाखवली. जर्मनीही त्यात सामील झाला. त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. १९९६ ते २००५ या दहा वर्षांत ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये दरवर्षी सरासरी १९,५०० चौरस किलोमीटर जंगल नष्ट होत होते, हा आकडा तुलनेसाठी पहिला संदर्भ मानण्यात आला. २००६ मध्ये ही तोड सुमारे १४,००० चौरस किलोमीटरवर आली, म्हणजे पाच हजारांहून अधिक चौरस किलोमीटर जंगल वाचले. एका हेक्टरमध्ये १०० टन कार्बन असतो असे मुद्दाम कमी धरले, त्याचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर केले, की सुमारे वीस कोटी टनांचा आकडा येतो. टनाला ५ डॉलर या दराने तेवढ्या कामगिरीवर सुमारे शंभर कोटी डॉलर उभारता येणार होते. मोजणी ब्राझीलच्या अवकाश संशोधन संस्थेच्या, म्हणजे इन्पेच्या, उपग्रह चित्रांवरून होते आणि ती संपूर्ण ॲमेझॉन प्रदेशाची होते, एखाद्या निवडक पट्ट्याची नव्हे.

देणगीदाराला त्या बदल्यात एक प्रमाणपत्र मिळते. त्यावर टन नोंदलेले असतात, पण ते दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही आणि नॉर्वेला स्वतःच्या उत्सर्जनातून ते टन वजाही करता येत नाहीत. पावती आणि हुंडी यांच्यात जो फरक असतो तोच येथे आहे: पावती पैसे दिल्याची साक्ष देते, हुंडी हातोहात फिरते आणि शेवटी कोणीतरी ती वटवतो.

क्रेडिट ही अशी हुंडी आहे. एक क्रेडिट म्हणजे एक टन, आणि विकत घेणारी कंपनी तो आपल्या उत्सर्जनासमोर मांडून म्हणू शकते की आम्ही सोडलेला एक टन अन्यत्र भरून निघाला. करिबा प्रकल्प २०११ मध्ये उत्तर झिम्बाब्वेत, करिबा सरोवराच्या परिसरात, सुमारे ७,८५,००० हेक्टर क्षेत्रावर सुरू झाला. कार्बन ग्रीन इन्व्हेस्टमेंट्स ही कंपनी प्रकल्पाची मालक होती, स्वित्झर्लंडची साउथ पोल ही कंपनी त्याची क्रेडिट विकत होती आणि व्हेरा या अमेरिकी ना-नफा संस्थेच्या नोंदवहीत ती जमा होत होती. प्रकल्प नसता तर त्या क्षेत्रात तोड किती झाली असती याचा अंदाज बांधायचा, प्रकल्पक्षेत्रात प्रत्यक्षात किती तोड झाली ते पाहायचे आणि दोहोंतील फरकाएवढी क्रेडिट निर्माण करायची, अशी ही रीत होती.

अडचण त्या अंदाजात होती. प्रकल्प नसता तर काय झाले असते, हे कोणालाही पाहता येत नाही. ते केवळ अनुमानाने ठरवावे लागते, आणि अनुमान जितके भयावह तितकी क्रेडिट जास्त. करिबाच्या बाबतीत वर्तवलेली तोड प्रत्यक्षापेक्षा बरीच अधिक होती, अशा आशयाचे वार्तांकन २०२३ मध्ये झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साउथ पोलने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. हे एकाच प्रकल्पापुरते मर्यादित नव्हते. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा देशांतील २६ प्रकल्पक्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरेशी माहिती उपलब्ध असलेल्या १८ प्रकल्पांकडून २०२० पर्यंत ८.९ कोटी क्रेडिट अपेक्षित होती, त्यांपैकी सुमारे ५४ लाखांमागेच, म्हणजे सहा टक्क्यांमागेच, उत्सर्जनातील खरी घट असल्याचे संशोधकांना आढळले. व्हेराने त्या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने स्वतःची पद्धत बदलून हा अंदाज प्रकल्पाच्या हातून काढला आणि तो संपूर्ण प्रदेशाच्या माहितीवरून ठरवण्याचा मार्ग स्वीकारला.

फुगवलेला संदर्भ ॲमेझॉन निधीतही असू शकतो, असा प्रश्न येथे कोणी विचारेल, आणि तो रास्त आहे. पण अशा चुकीचा परिणाम दोन्ही ठिकाणी सारखा होत नाही. निधीत संदर्भ चुकला, तर नॉर्वेचे काही पैसे जास्त गेले, एवढेच नुकसान होते. तो पैसा तरीही जंगलाच्या कामाला लागतो आणि त्याच्या नावावर कुठलाही धूर माफ झालेला नसतो. क्रेडिटमध्ये संदर्भ चुकला, तर जंगल वाचलेले नसते आणि कंपनीचा टन मात्र भरून निघाल्याचे समजले जाते, म्हणजे हवेत एक टन जादाच राहतो. माझ्या मते या दोन पद्धतींची तुलना करताना सर्वाधिक वजन याच मुद्द्याला दिले पाहिजे, कारण मोजणीतील चुका पूर्णपणे टाळता येण्यासारख्या नाहीत आणि त्या चुकांचा भार कोणावर पडतो हे मात्र ठरवता येते.

आगीच्या बाबतीतही तेच घडते. पुढच्या दुष्काळात जंगल पेटले, तर निधीच्या पद्धतीत त्या वर्षाची कामगिरी खालावते आणि मोबदला कमी होतो. क्रेडिट मात्र आधीच वटलेले असते, आणि कोळसा किंवा तेल जाळून निघालेला वायू शतकानुशतके हवेत टिकतो. म्हणून प्रत्येक प्रकल्पाला आपली काही क्रेडिट राखीव साठ्यात ठेवावी लागतात. तो साठा मोठ्या वणव्यांना पुरेल का, हा वादाचा विषय आहे.

तरीही क्रेडिटच्या बाजूने बोलण्यासारखे काही आहे आणि ते टाळणे अन्यायाचे ठरेल. ॲमेझॉन निधी सरकारांच्या इच्छेवर उभा आहे. २०१९ मध्ये ब्राझीलच्या तत्कालीन सरकारने निधीच्या समित्या बरखास्त केल्या, नॉर्वे आणि जर्मनी यांनी हात आखडता घेतला आणि जानेवारी २०२३ पर्यंत नवीन कामांना मंजुरी मिळाली नाही. जंगलतोड २०१२ मध्ये साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आली होती, ती २०२१ मध्ये तेरा हजारांवर पोचली, आणि नेमक्या गरजेच्या वेळी निधी गोठलेला होता. ज्या गरीब देशांकडे इन्पेसारखी संस्था नाही आणि ज्यांच्या दारी कोणी देणगीदार आलेला नाही, तेथील वनरक्षकांचा पगार आणि गावांची विहीर क्रेडिटच्या पैशातूनच झाल्याची उदाहरणे आहेत. बाजाराचा पैसा निवडणुकीची वाट पाहत नाही, हे खरे आहे. तो किमतीची मात्र पाहतो, आणि करिबानंतर विश्वास डळमळला तसा अशा क्रेडिटचा भावही घसरला.

गयाना या छोट्या देशाने दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत. देशाचा सुमारे ८५ टक्के भूभाग जंगलाखाली आहे आणि तोड फार कमी आहे. २००९ मध्ये नॉर्वेने तेथे जंगल राखण्याच्या कामगिरीसाठी २५ कोटी डॉलरपर्यंत देण्याचा करार केला. तो मोबदला होता आणि त्याचे टन नॉर्वेने स्वतःच्या उत्सर्जनातून वजा केले नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये मात्र संपूर्ण देशाच्या जंगलासाठी, २०१६ ते २०२० या काळाची, ३.३४ कोटींहून अधिक क्रेडिट ‘आर्ट’ या प्रमाणन संस्थेने गयानाला दिली, आणि हेस या अमेरिकी तेल कंपनीने दहा वर्षांत किमान ७५ कोटी डॉलर देऊन ३.७५ कोटी क्रेडिट घेण्याचे मान्य केले. ही कंपनी गयानाच्याच समुद्रातील तेलक्षेत्रात भागीदार होती. मिळालेल्या रकमेपैकी १५ टक्के वाटा आदिवासी गावांना देण्याचे ठरले. काही आदिवासी संघटनांनी मात्र आपल्याशी पुरेसा विचारविनिमय झाला नाही, अशी तक्रार केली. या क्रेडिटपैकी बहुतेक तोड घटल्यामुळे नव्हे, तर तोड मुळातच कमी असलेल्या देशांसाठी केलेल्या वेगळ्या नियमाखाली मिळालेली आहेत. अशा देशाला पैसे मिळायलाच हवेत, कारण जंगल राखणाऱ्याला काहीच नाही आणि तोडून थांबणाऱ्याला सारे काही, हा न्याय नव्हे. पण आधीच सुरक्षित असलेल्या जंगलाच्या टनांसमोर जर कोणी तेलाचे टन मांडणार असेल, तर त्या देण्यासाठी पावतीच योग्य होती, असे मला वाटते.