टाइमलाइनवरची वेळ कोणाची?
द्राक्ष निर्यातदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाशिकच्या पॅकहाऊसमधला सुपरवायझर आणि रॉटरडॅमचा आयातदार एकाच कंटेनरची टाइमलाइन आपापल्या ब्राउझरमध्ये बघत असतात. प्रीकूलिंग (माल भरण्याआधी थंड करणे) कधी संपले, रीफर म्हणजे शीत कंटेनर न्हावा शेवाच्या गेटातून कधी आत गेला, जहाज धक्क्याला कधी लागणार, सगळे त्याच स्क्रीनवर. फेब्रुवारीत फोनवर बोलताना एक जण ‘अकरा’ म्हणतो, दुसरा ‘साडेसहा’, आणि दोघांचेही बरोबर असते. अशा वेळी स्क्रीनवर कोणाचे घड्याळ लावले आहे हे स्पष्ट दिसले नाही, तर ट्रक किंवा कोल्ड स्टोरेजची वेळ चुकते. नाशवंत मालाला ती चूक परवडत नाही, म्हणून आमची टाइमलाइन वेळ कशी सांभाळते ते इथे सविस्तर सांगत आहोत.

घडून गेलेली प्रत्येक नोंद आम्ही यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत, साठवतो आणि ती जिथे घडली तिथल्या टाइम झोनचे नाव तिच्यासोबत ठेवतो. ही नावे इंटरनेटवरची नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या टाइम झोन डेटाबेसमधली आहेत. भारतासाठी ‘आशिया/कोलकाता’. रॉटरडॅमसाठी ‘युरोप/ॲमस्टरडॅम’, कारण त्या यादीत रॉटरडॅम वेगळे नाही. काही ब्राउझर आपल्यासाठी ‘आशिया/कलकत्ता’ हे जुने नाव दाखवतात; दोन्ही एकच, काळजी नसावी.

स्क्रीनवर वर घड्याळ निवडता येते: भारत, पोहोचीचे बंदर किंवा यूटीसी. निवड बदलली की अक्षावरचे आकडे आणि मध्यरात्रीच्या रेषा सरकतात. प्रत्येक टप्पा किती वेळ चालला ते दाखवणाऱ्या पट्ट्यांची लांबी आणि क्रम बदलत नाही. निवडलेल्या घड्याळाचे नाव अक्षावर कायम लिहिलेले राहते, आणि ते लपवण्याची सोय आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही. कोणत्याही नोंदीवर बोट ठेवले की दोन्ही ठिकाणची वेळ एकाखाली एक दिसते.

मार्चचा शेवटचा रविवार

द्राक्षाच्या हंगामातली सगळ्यात अवघड रात्र हीच. नेदरलँड्समध्ये या दिवशी घड्याळ एक तास पुढे जाते. २०२६ मध्ये तो दिवस २९ मार्च. तिथे रात्री २ वाजता घड्याळ थेट ३ दाखवते. आपल्याकडे त्या क्षणी सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तोपर्यंत दोन्ही देशांतला फरक साडेचार तासांचा, त्यानंतर साडेतीन तासांचा.

समजा, तुमचा माल रॉटरडॅमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये २८ तारखेच्या रात्री १० ते २९ च्या सकाळी ६ पर्यंत होता. घड्याळातले आकडे वजा केले तर आठ तास येतात. प्रत्यक्षात माल आत सातच तास होता, आणि भारतीय वेळेनेही तेच निघते: पहाटे अडीच ते सकाळी साडेनऊ. आमची पट्टी सात तासांचीच दिसेल. त्या रात्री बंदराचे घड्याळ निवडलेत तर अक्षावर १ नंतर थेट ३ येईल. हा बिघाड नाही.

इथे चूक होते ती जावास्क्रिप्ट या ब्राउझरमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या डेट ऑब्जेक्टमुळे, म्हणजे तारीख-वेळ हाताळणाऱ्या भागामुळे. त्याला दोनच घड्याळे कळतात: समोरच्या संगणकाचे आणि यूटीसी. तिसऱ्या गावची वेळ दाखवायची म्हणून पुष्कळ ठिकाणी ठरावीक तास सरळ मिळवले किंवा वजा केले जातात. जानेवारीत ते चालून जाते, एप्रिलमध्ये प्रत्येक नोंद एका तासाने चुकते. आम्ही प्रत्येक क्षणासाठी त्या तारखेचा फरक वेगळा काढतो, त्यामुळे एकाच स्क्रीनवर मार्च आणि एप्रिल दोन्ही बरोबर येतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उलटे होते. तिथे रात्रीचे अडीच दोनदा वाजतात. त्या तासातल्या नोंदींपुढे आम्ही +०२:०० किंवा +०१:०० असे, म्हणजे वेळ यूटीसीच्या किती तास पुढे आहे ते, लिहितो. दुबईकडे माल पाठवणाऱ्यांना यातले काहीच नाही. तिथला दीड तासाचा फरक वर्षभर तसाच राहतो.

पुढच्या वेळा वेगळ्या साठवतो

रॉटरडॅममध्ये २ एप्रिलला सकाळी ८ वाजता ट्रक लावायचा ठरला, तर ती नोंद आम्ही ‘रॉटरडॅम, सकाळी ८’ अशीच ठेवतो आणि भारतातली वेळ दर वेळी नव्याने काढतो. ती साडेअकरा येते. हिवाळ्यातल्या फरकाने हिशेब करणारा साडेबारा धरून बसेल. शिवाय सरकारे हे नियम बदलतात. मेक्सिकोने बहुतेक भागात घड्याळ बदलणे २०२२ मध्ये बंद केले, इजिप्तने २०२३ मध्ये पुन्हा सुरू केले. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये ही पद्धत बंद करण्याच्या बाजूने मतदान केले, पण ती अजून चालू आहे. उद्या निर्णय झाला तर डेटाबेस अद्ययावत होताच तुमच्या पुढच्या भेटी आपोआप जागेवर बसतील.

पॅकिंगची तारीख

पॅकिंगची तारीख ही फक्त तारीख आहे. तिला तास-मिनिटे नाहीत आणि टाइम झोनही नाही. तरी ती मध्यरात्रीची वेळ समजून साठवली, तर भारतातली १० फेब्रुवारीची मध्यरात्र यूटीसीमध्ये ९ फेब्रुवारी, संध्याकाळचे साडेसहा होते. मग स्क्रीनवर ९ तारीख, पेटीच्या लेबलवर १०, आणि आयातदाराचा फोन. म्हणून पॅकिंग, तोडणी आणि प्रमाणपत्राच्या तारखा आम्ही नुसत्या तारखा म्हणून ठेवतो. घड्याळ कुठलेही निवडा, त्या हलत नाहीत.

तुमच्याकडून काय हवे

एक्सेल किंवा सीएसव्ही पाठवताना वेळेपुढे +०५:३० लिहावे. नुसते ‘आयएसटी’ लिहू नये. इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेलाही हीच आद्याक्षरे वापरतात. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने असावी, नाहीतर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे यंत्राला ठरवता येत नाही. जहाज कंपनीच्या वेळापत्रकातल्या वेळा त्या-त्या बंदराच्या स्थानिक वेळेनुसार असतात, त्या बदलून न देता तशाच द्याव्यात आणि बंदराचे नाव जोडावे. रीफरच्या तापमान नोंदी कोणत्या घड्याळाने होतात, हे उपकरण देणाऱ्याकडून लेखी घ्यावे. आमच्या अनुभवात इथेच सर्वाधिक गोंधळ असतो, आणि तापमानाच्या वादात तीच नोंद पुरावा ठरते.

हंगाम सुरू होण्याआधी मागच्या वर्षीच्या एका कंटेनरच्या नोंदी आम्हाला पाठवा, शक्यतो मार्चअखेर पोहोचीच्या बंदरात पोहोचलेल्या. त्या टाइमलाइनवर चढवून, तिन्ही घड्याळे लावून, तुमच्या कागदपत्रांशी एकेक वेळ तुमच्यासमोर जुळवून देऊ. यासाठी वेगळे शुल्क नाही.