गाइड की प्रवासवर्णन?

नव्या ठिकाणी निघालो की आपण 'तिथलं एखादं पुस्तक' शोधायला लागतो. दुकानात गाइड आणि प्रवासवर्णन एकाच फळीवर असतात. दोन्हींच्या मुखपृष्ठावर तोच किल्ला, तोच सूर्यास्त. घाईत एक उचललं जातं आणि फरक कळतो तो तिथे पोचल्यावर.

ओळखायची खूण सोपी आहे. मधलंच एखादं पान उघडा आणि क्रियापदं बघा. 'डावीकडे वळा', 'सकाळी लवकर पोचा' असं असेल तर ते गाइड, उद्या जाणाऱ्यासाठी लिहिलेलं. 'मी वळलो', 'आम्हाला उशीर झाला' असं असेल तर ते प्रवासवर्णन. ते जाऊन आलेल्या माणसाचं असतं आणि त्यात त्या गावाइतकाच तो माणूसही असतो.

मी एकदा प्रवासवर्णनालाच गाइड समजून निघाले. लेखकाने नदी ओलांडणाऱ्या होडीचं इतकं सुंदर वर्णन केलं होतं की दोन तास चालत त्या धक्क्यावर गेले. पायऱ्या शेवाळलेल्या, दोर बांधायचा खुंट गंजलेला. पूल होऊन होडी कधीच बंद पडली होती. लेखकाची चूक काहीच नव्हती, त्याने त्याचा दिवस लिहिला होता.

गाइड मात्र शिळं होत जातं. १८३६ मध्ये लंडनच्या जॉन मरे यांनी युरोपच्या प्रवाशांसाठी हँडबुकं काढायला सुरुवात केली, जर्मनीत कार्ल बेडेकर यांनी बघण्याजोग्या जागांना तारे दिले. तेव्हापासून या पुस्तकांना पुन्हापुन्हा सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या आहेत. म्हणून विकत घेताना आतलं पान नीट वाचा. 'पुनर्मुद्रण' म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला. 'सुधारित आवृत्ती'चं साल कोणतं, ते महत्त्वाचं. आणि नकाशा बघा, तो चांगला नसेल तर बाकीचं कितीही चांगलं असो, मी ते गाइड घेत नाही.

प्रवासवर्णनाचं आयुष्य मोठं. चिनी प्रवासी ह्युएन त्संग सातव्या शतकात भारतभर फिरला. एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याच्या आणि त्याच्याआधी येऊन गेलेल्या फाहियान या चिनी प्रवाशाच्या नोंदींतली अंतरं, दिशा पडताळत श्रावस्ती या प्राचीन नगरीची जागा निश्चित केली. बाराशे वर्षांनी एक प्रवासवर्णन गाइडच्या कामी आलं! पण त्यासाठी नजर अभ्यासकाची हवी, आणि वेळही. चार दिवसांच्या सुट्टीत तसा भरवसा टाकू नये.

मग न्यायचं काय? गाइड न्या, पण लागतील तेवढ्याच पानांचे फोटो मोबाइलमध्ये घेतले तरी चालतं. प्रवासवर्णन निघण्याआधी वाचावं असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. आधी वाचलं की आपण त्या माणसाच्या डोळ्यांनी बघायला लागतो. त्याला जिथे भरून आलं तिथे आपल्यालाही यावं म्हणून थांबून राहतो, आणि शेजारचा, त्याला न दिसलेला दरवाजा आपल्याही नजरेतून सुटतो. मी ते पिशवीत तळाशी ठेवते आणि परतीच्या गाडीत उघडते. तेव्हा 'हे मीही पाहिलं' आणि 'अरे, हे माझं राहिलंच' असं दोन्ही होत जातं, आणि समासात पेन्सिलीने खुणा करता करता घर येतं.