पानाच्या उच्छ्वासातला जड कार्बन : पार्श्वभूमी

ठाणे खाडीकाठच्या तिवरांचा कार्बन मोजायचा, तर मे महिन्यातलं पान आणि ऑगस्टमधलं पान एकाच रकान्यात घालता येत नाही. पावसाआधी खाडी खारट होते, पर्णरंध्रं आखडतात आणि एरवी पान नाकारतं तेवढा कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा किंचित जड प्रकार, त्याला नाकारता येत नाही. १९८२ साली मांडलेल्या समीकरणात हा हिशेब चोख बसला. गव्हाचं कोणतं वाण पाणी जपून वापरतं, हेही पुढे त्यावरूनच जोखलं गेलं. समीकरणात श्वसनाचं पद होतं, पण बहुतेक जण ते शून्य धरत.

या शून्याला १९९७ मध्ये प्रयोगाचा आधार मिळाला. पेशीभित्ती काढलेल्या सुट्या पेशींना ठरावीक साखर दिली, तर बाहेर आलेला कार्बन डायऑक्साइड जवळपास तिच्याइतकाच जड निघाला. त्यावरून श्वसनात समस्थानिकांची, म्हणजे जड-हलक्या कार्बनची, निवडच होत नाही असं मानलं गेलं, आणि ती माझ्या मते घाई होती. आयती साखर खाणारी सुटी पेशी म्हणजे पान नव्हे. पानात त्याच साखरेतून मेद, सेल्युलोज, अमिनो आम्लंही बनत असतात. दोनच वर्षांत श्रावणघेवड्याच्या अख्ख्या पानांवर मोजमाप झालं : अंधारात सुटणारा वायू पानातल्या सुक्रोजपेक्षा दर हजारी सुमारे ६ ने जड! पाणी तोडलं तरी फरक टिकला.

१९९७चा प्रयोग त्यामुळे खोटा ठरत नाही, प्रश्न तो कुठे लावला याचा आहे. ग्लुकोजमधले तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे कार्बन इतरांपेक्षा जड असतात आणि ग्लुकोज तुटून बनलेलं पायरुवेट फुटताना तेच आधी वायू होऊन निघतात. उरलेले हलके कार्बन मेदाकडे वळले की वायू जड दिसतो. लांबलेल्या अंधारात साखर संपून पेशी मेद जाळू लागली की उलट, तो हलका होतो.

२००७ मध्ये एरंडाच्या पानांनी आणखी एक घोळ दाखवला. उजेड जाताच पहिली काही मिनिटं वायू फारच जड असतो, कारण उजेडात साठलेलं मॅलेट हे सेंद्रिय आम्ल तेव्हा फुटतं. म्हणजे नमुना संध्याकाळी की मध्यरात्री, यावर आकडा बदलतो. मुळांचा उच्छ्वास अनेक लहान वनस्पतींत उलट हलकाच निघतो.

मुंबईत यात वाहनांची भर पडते. पेट्रोलच्या धुराचा कार्बन वजनाला तिवराच्या उच्छ्वासाच्या आसपासच असतो, सीएनजीचा त्याहून बराच हलका. रात्रीच्या हवेतला पानांचा वाटा वेगळा काढायचा, तर नुसत्या कार्बन-१३ वर भागत नाही, जीवाश्म इंधनात न उरलेला किरणोत्सारी कार्बन-१४ ही मोजावा लागतो.