टप सहा टन सोसतो, मग कॅरिअरवर ७५ किलोच का?

गाडीबरोबर मिळणारं जाडजूड माहितीपुस्तक सहसा कुणी उघडत नाही. उघडलंच, तर टपावरच्या वजनाची ओळ सापडायला वेळ लागतो, आणि सापडली की तिच्यावर विश्वास बसत नाही. दोन टनांची, चारही चाकांना ताकद देणारी, दगडधोंड्यांतून वाट काढणारी दणकट गाडी, आणि तिच्या टपावर न्यायचं किती? बऱ्याच गाड्यांत ७५ किलो, काहींत ५०, काहींत १००. म्हणजे जेमतेम एका भरलेल्या अंगाच्या माणसाएवढं. आडवाटेच्या प्रवासासाठी कॅरिअर बसवायला निघालेले बहुतेक जण इथे हसून पान उलटतात. ‘कंपनीवाले घाबरून कमीच लिहितात,’ ही त्यावरची ठरलेली टिप्पणी.

टप कमकुवत असतो, असं म्हणावं तर तेही खरं नाही. अमेरिकेत २००९ साली कडक झालेल्या नियमानुसार, भरल्या अवस्थेत साधारण २७२० किलोपर्यंत जाणाऱ्या गाड्यांच्या टपाने रिकाम्या गाडीच्या वजनाच्या तिप्पट जोर सोसावा लागतो. चाचणीत एक मोठी सपाट पाटी टपाच्या कडेवर तिरकी टेकवून हळूहळू दाबतात, आणि ती १२७ मिलिमीटर सरकायच्या आत टपाने तेवढा जोर परतवून दाखवायचा असतो. दोन टनांच्या गाडीला हा जोर सहा टनांचा. सहा टन कुठे आणि ७५ किलो कुठे! ऐंशी पटींचा फरक आहे, आणि कॅरिअर कसं बसवायचं, त्यावर काय बांधायचं याची बरीचशी उत्तरं या फरकातच दडलेली आहेत.

चाचणीतली गाडी जागेवर उभी असते. दाब एकदाच येतो, सावकाश येतो. कॅरिअरवरचा बोजा मात्र गाडीबरोबर वळतो, थांबतो, आदळतो आणि डोलतो.

आधी डोलण्याचं पाहू. समजा, माणसांसकट दोन टनांची गाडी आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमध्ये १५५ सेंटिमीटर अंतर आहे. जमिनीपासून दोन मीटरवर, म्हणजे टपावर, ७५ किलो ठेवले तर गुरुत्वमध्य सुमारे ७५ सेंटिमीटरवर जातो. १५० किलो ठेवले तर ७९ वर. कागदावर रिकाम्या टपाची ही गाडी बाजूच्या उतारावर ४८ अंशांपर्यंत उलटणार नाही. ७५ किलोंनी तो आकडा ४६ होतो, १५० किलोंनी ४४. चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं आणि आलेला आकडा ज्या कोनाचा टॅन्जंट असतो तो कोन घ्यायचा, एवढंच हे गणित. अमेरिकेची रस्ते सुरक्षा यंत्रणा २००१ च्या मॉडेलांपासून गाड्यांच्या उलटण्याच्या धोक्याला जे तारे देते, त्याच्या मुळाशी हाच भागाकार आहे.

चारच अंश गेले, मग एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण कागदावरच्या गाडीला स्प्रिंगा नसतात. खऱ्या उतारावर गाडी कलली की भार खालच्या बाजूच्या चाकांवर जातो, तिकडच्या स्प्रिंगा दबतात, टायर दबतात, आणि गाडी उताराहून जास्त कलते. त्यातच खालचं चाक १५ सेंटिमीटर खोल खड्ड्यात उतरलं, तर आणखी साडेपाच अंश कमी. खड्ड्यात उतरताना झोका बसतो तो वेगळाच. कागदावरचे ४८ अंश प्रत्यक्षात कधीच हाती नसतात, त्यामुळे गेलेले चार अंश नेमके गरजेच्या वेळी आठवतात.

झोक्याचं गणित तर आणखी कठोर आहे. एखादी वस्तू डोलवायला आणि डोलणं थांबवायला किती जोर लागतो, हे ती डोलण्याच्या अक्षापासून किती लांब आहे यावर ठरतं, आणि तेही अंतराच्या वर्गाने. तीच पेटी गाडीच्या तळाशी अक्षापासून ३० सेंटिमीटरवर आणि टपावर १५० सेंटिमीटरवर ठेवून पाहा. अंतर पाचपट, पण डोलण्यातला तिचा वाटा पंचवीसपट. शॉकअप मात्र तेच राहतात. भरलेल्या कॅरिअरची गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यावरही एक-दोन झोके जास्त खाते, ते यामुळे.

आता आदळण्याकडे. कच्च्या रस्त्यांवर वाहनांच्या वर्दळीने आडव्या लाटा पडतात, पन्हाळी पत्रा अंथरल्यासारख्या. दोन लाटांमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरलं आणि ताशी ४० किलोमीटर वेग धरला, तर गाडीला सेकंदाला सुमारे १४ धक्के बसतात, म्हणजे तासाला पन्नास हजार. वीस तासांच्या अशा प्रवासात दहा लाख. प्रत्येक धक्का कॅरिअरच्या पायांना, जोडांना आणि ते पाय टपावर जिथे टेकतात त्या तळहाताएवढ्या जागांना थोडंसं वाकवतो आणि सोडतो.

धातू एका जोरात तुटत नाही म्हणून तो सुरक्षित आहे असं नसतं, हे रेल्वेने जगाला शिकवलं. एकोणिसाव्या शतकात डब्यांचे आस, ज्यांना साध्या भाराने काही व्हायला नको होतं, ते अचानक मोडत. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने १८५० आणि ६० च्या दशकांत आस पुन्हा पुन्हा वाकवून दाखवलं, की एका झटक्यात तोडणाऱ्या जोराहून कितीतरी कमी जोरही लाखो वेळा आला तर पोलाद मोडतं. यालाच धातूचा थकवा म्हणतात. पोलादाची एक बरी गोष्ट अशी, की ताण एका ठरावीक मर्यादेखाली ठेवला तर ते जवळजवळ कायम टिकतं. ॲल्युमिनिअमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. ताण कितीही कमी असो, फेऱ्या मोजल्या जात राहतात. शिवाय उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेल्या ॲल्युमिनिअमला वेल्डिंग केलं, की जोडाभोवतीचा पट्टा पुन्हा मऊ पडतो. ॲल्युमिनिअमचं कॅरिअर हलकं असतं आणि हलकेपणा इथे लाखमोलाचा आहे, यात वाद नाही. मला विचाराल तर घ्यावं तेच, पण वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडलेलं, आणि दर मोठ्या प्रवासानंतर कोपऱ्यांवरून बोट फिरवून केसासारखी भेग लागते का ते पाहावं.

म्हणूनच काही कॅरिअर बनवणारे आडवाटेसाठी आपलीच भारमर्यादा दीडने भागायला सांगतात. ७५ किलोंचे ५० होतात. आणि या आकड्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. पोलादी सांगाड्याचं लांबरुंद कॅरिअर ३० किलो भरलं, तर सामानाला उरतात वीस. म्हणजे पाण्याचा वीस लिटरचा एकच कॅन, तोही कॅनचं वजन सोडून.

बसवण्याचा मुद्दा इथून सोपा होतो. जुन्या गाड्यांच्या टपाला दोन्ही कडांनी पन्हळ असे. तिच्यात कॅरिअरचे पाय हवे तिथे चिमट्यासारखे आवळता येत आणि भार लांबलचक कडेवर वाटला जाई. नव्या गाड्यांत पन्हळ गेली. आता कंपनीने ठेवलेली बोल्टची भोकं, टपावरच्या लांब दांड्या किंवा दाराच्या चौकटीला पकडणारे चिमटे, यांतून निवडावं लागतं. आडवाटेसाठी भोकं असतील तर तीच उत्तम, कारण त्यांच्याखाली सांगाडा मजबूत केलेला असतो. ती नाहीत म्हणून स्वतः ड्रिल मारू नये. नुसत्या पत्र्यात बसलेला बोल्ट थकव्याला आमंत्रण देतो, उघड्या पडलेल्या कडेला गंज धरतो, आणि बऱ्याच गाड्यांत टपाच्या कडेलगत आतून पडद्यासारखी एअरबॅग घडी करून बसवलेली असते.

बोल्ट म्हणजे खरं तर एक ताठ स्प्रिंग. आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. पण पान्यावर लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा हा ताण निर्माण करतो. बाकीचा सगळा बोल्टच्या माथ्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. त्यामुळे ‘हाताला घट्ट लागलं’ हा अंदाज फसवा असतो, आणि आट्यांना तेल लागलं की तोच अंदाज उलट्या बाजूने फसतो. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, वापरून पुस्तकात दिलेल्या आकड्यावर थांबावं. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवलं, की बोल्ट सैल करण्यात सगळ्यात वाईट धक्के आडवे, म्हणजे जोडलेले भाग एकमेकांवर सरकवणारे असतात. साध्या स्प्रिंग वायसरचा त्यापुढे फारसा उपयोग होत नाही. नायलॉनचं कडं असलेला लॉकनट किंवा आट्यांवर लावायचा चिकटद्रव कामाला येतो. आणि पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर थांबून सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. नव्या जोडांत रंगाचे आणि रबराचे थर दबून बसतात आणि ताण गळतो. स्टेनलेसचा बोल्ट थेट ॲल्युमिनिअमला लागला तर ओल आणि मीठ मिळताच ॲल्युमिनिअम खाल्लं जातं. मध्ये प्लास्टिकचं वायसर घातलं की ते टळतं.

वाऱ्याचा प्रश्न आडवाटेवर जवळजवळ नसतोच, कारण तिथे वेगच नसतो. तो असतो तिथवर पोचवणाऱ्या डांबरी रस्त्यावर. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि रिकामं कॅरिअरही हा विरोध वाढवतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या सहभागाने २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हिशोब मांडला, की टपावरच्या कॅरिअरपायी त्या देशात वर्षाला सुमारे दहा कोटी गॅलन, म्हणजे अडतीस कोटी लिटरच्या आसपास जादा इंधन जळतं. एकेका गाडीचा खर्च २५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

त्या वाऱ्याला सूरही असतो. गोल दांडीच्या मागे हवेचे भोवरे आळीपाळीने वरून आणि खालून सुटतात. १८७८ साली चेनेक स्ट्रोहाल या चेक शास्त्रज्ञाने ताणलेल्या तारांच्या गुणगुणण्याचा अभ्यास करून त्याचं गणित दिलं: वाऱ्याचा वेग भागिले दांडीची जाडी, आणि त्याला साधारण ०.२ ने गुणायचं. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दांडी अडीच सेंटिमीटर जाड असेल तर उत्तर येतं सेकंदाला २०० कंपनं. तासन् तास डोक्यात घुमणारा तो खर्जातला ‘हूं’ हाच. उपाय अगदी गमतीशीर आहे: दांडीभोवती दोरी मळसूत्रासारखी गुंडाळायची. मग भोवरे सगळ्या लांबीवर एकाच तालात सुटत नाहीत आणि सूर विरतो. उंच चिमण्यांभोवती गुंडाळलेली धातूची पट्टी याच कामाची असते. सामान बांधायच्या सपाट पट्ट्यालाही बांधताना एक पीळ दिला की त्याचं फडफडणं थांबतं. पट्टा पॉलिस्टरचा असावा, नायलॉनचा भिजला की सैलावतो.

मग टपावर ठेवायचं काय? जे जागा खातं पण वजनाने हलकं आहे ते: अंथरुणं, साधे तंबू, रिकामे कॅन, वाळूत चाकाखाली घालायच्या प्लास्टिकच्या फळ्या. पाणी, हत्यारांची पेटी, भरलेले इंधनाचे कॅन खालीच. स्टेपनी टपावर छान दिसते, पण आडवाटेचं मोठं चाक रिमसकट तीस किलोंच्या वर सहज जातं. वर जे काही असेल त्यातलं जड पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध यावं, मागे लोंबू नये. आणि सामान चढवल्यावरची पूर्ण उंची मोजून चालकाच्या डोळ्यांसमोर लिहून चिकटवावी. कमी उंचीच्या कमानीखाली शिरताना ती आठवायला वेळ मिळत नाही.

राहता राहिला टपावरचा तंबू. त्यात रात्री दोन माणसं झोपतात. तंबू ६० किलो, माणसं दीडशे, कॅरिअर ३०, म्हणजे एकूण २४० किलो, आणि टप कुरकुरतही नाही. गाडी उभी आहे. ना वळण, ना ब्रेक, ना लाटा. त्यामुळे उभ्या गाडीची मर्यादा चालत्या गाडीच्या कितीतरी पट असते. अडचण सकाळी येते. माणसं खाली उतरतात, तंबू मिटतो, पण ६० अधिक ३० म्हणजे ९० किलो टपावर तसेच राहतात. ७५ किलोंची मर्यादा असलेल्या गाडीवर, आणखी एकही पिशवी न चढवता.