चांदीपुरा: नाव आमच्याकडचं, लस अजून कोणाकडेच नाही

मृगाच्या तोंडावर आमच्या गावात आशाताई घरोघर फिरतात आणि दारातूनच विचारतात, "काकू, गोठ्याच्या भेगा लिंपल्या का?" यंदा शेजारच्या काकूंनी उलट उत्तर दिलं, "पोट्ट्यानं तं मेंदूज्वराची सुई घेतली हाये, मंग आता कायचं भेव?"

त्या उत्तरात त्यांची काही चूक नाही. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत लहान मुलांना मेंदूज्वराची लस मिळते, पण ती जपानी मेंदूज्वराची. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत वाढणारे डास तो आजार पसरवतात, डुकरं आणि बगळे त्याचा विषाणू सांभाळून ठेवतात, आणि नात्यानं तो डेंग्यूच्या कुळातला. आशाताई ज्या तापाबद्दल विचारत होत्या त्याचं कूळ वेगळं, तो पसरवणारा कीटक वेगळा, म्हणजे भेगांत लपणारी वाळूमाशी, आणि लस तर नाहीच. शरीराची ओळख-परेड काटेकोर असते. एका विषाणूचा चेहरा दाखवून तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) दुसऱ्या कुळातला विषाणू आला तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. काकूंना हे कोणी समजावून सांगितलेलं नाही. सरकारी फलकावर मात्र दोन्ही आजारांना एकच शब्द: मेंदूज्वर.

या दुसऱ्या तापाचं नाव चांदीपुरा. वर्तमानपत्रं कधी चंडीपुरा लिहितात, कधी चांदीपुरा. नाव नागपूरकडचं आहे एवढं पक्कं.

१९६५ सालची गोष्ट. चिकुनगुन्या तेव्हा देशात नवा होता. १९६३ मध्ये तो कलकत्त्यात दिसला, १९६४ मध्ये मद्रासला आणि १९६५ मध्ये नागपुरात. पुण्याला १९५२ पासून विषाणू संशोधन केंद्र होतं, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं उभं राहिलेलं. पुढे १९७८ मध्ये त्याचंच नाव राष्ट्रीय विषाणू संस्था झालं. नागपुरातल्या तापाच्या रुग्णांचे रक्ताचे नमुने या केंद्रात गेले. त्यांतल्या दोघांच्या रक्तात ना चिकुनगुन्या, ना डेंग्यू, भलताच विषाणू वाढला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आकार बंदुकीच्या गोळीसारखा, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला सपाट. विषाणूला गावाचं, जंगलाचं किंवा नदीचं नाव द्यायची तेव्हा पद्धतच होती. कर्नाटकातलं क्यासनूर, युगांडातलं झिका, पुढे काँगोतली इबोला. तसं हे चांदीपुरा. पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला.

आणि मग विषय जवळपास मिटला. रुग्णांना नुसता ताप होता. पुढे माणसांच्या आणि जनावरांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडं सापडत गेली, म्हणजे तो गुपचूप फिरत होता. १९७० च्या सुमारास औरंगाबाद भागातल्या वाळूमाशीत तो सापडला, शिवाय आफ्रिकेत सेनेगलच्या वाळूमाश्यांत आणि नायजेरियातल्या एका काटेरी साळूसारख्या प्राण्यात. १९८० च्या आसपास मध्य भारतात मेंदूच्या आजाराच्या रुग्णातही मिळाला, पण त्या धोक्याच्या घंटेकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

२००३ च्या पावसाळ्यात लक्ष द्यावंच लागलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, आजच्या तेलंगणातल्या करीमनगर-वरंगळच्या बाजूला, म्हणजे आमच्या गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, धडधाकट मुलं एका रात्रीत जाऊ लागली. त्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ दगावली. हा मेंदूज्वर आहे की मेंदूच्या रक्तवाहिनीचा झटका, यावर डॉक्टरांत बरेच दिवस वाद चालला, कारण काही मुलांची लक्षणं अर्धांगवायूच्या झटक्यासारखी दिसत होती. त्या वर्षी महाराष्ट्रातही मुलं गेली. २००४ मध्ये पूर्व गुजरात. आणि २००७ मध्ये साथ नागपूर विभागातच आली: मेंदूज्वराचे ७८ बालरुग्ण, त्यांतली शंभरात जवळपास ४४ या प्रमाणात दगावली. निम्म्या मुलांचं वय साडेपाच वर्षांच्या आत होतं.

हा आजार समजायचा तर त्याचं घड्याळ बघावं लागतं. सकाळी पोरगं अंगणात खेळत असतं. दुपारी एकदम कडक ताप, उलट्या. संध्याकाळी झटके. रात्री शुद्ध जाते. पुष्कळ मुलं २४ ते ४८ तासांत जातात. खेड्यातून उपकेंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून नागपूरचं मेडिकल किंवा सेवाग्राम, हा प्रवासच कधी अर्धा दिवस खातो. मी लहान असताना आमच्या गल्लीतलं एक मूल असंच गेलं. ते कशानं गेलं हे घरच्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. कागदावर नुसता "ताप" लिहिला होता.

आता शरीराचं घड्याळ. नवा विषाणू आत शिरला की पहिली काही तासांची लढाई इंटरफेरॉनसारखी तातडीची रसायनं लढतात. नेमका शत्रू ओळखणारी प्रतिपिंडं रक्तात दिसण्याइतकी तयार व्हायला साधारण चार-पाच दिवस तरी लागतात, पुष्कळदा आठवडा. कोविडच्या लशीनंतर "दोन आठवडे थांबा" म्हणत होते ते यासाठीच. चांदीपुरा त्या आधीच निकाल लावून मोकळा होतो. निदानाचा घोळही इथेच आहे. प्रतिपिंडं शोधणारी चाचणी पहिल्याच दिवशी केली तर नकारात्मक येते, कारण शोधायला काही तयारच झालेलं नसतं. म्हणून थेट विषाणूचा जनुकीय अंश पकडणारी पीसीआर लागते, आणि त्यासाठी आजाराच्या सुरुवातीचंच रक्त हवं.

त्याच्या चुलत भावाशी तुलना करून बघा. पिसाळलेल्या कुत्र्याचा रेबीज याच कुळातला, आकारही तोच गोळीचा. मरणाच्या बाबतीत रेबीज कितीतरी भयंकर, लक्षणं दिसली की जवळपास कोणीच वाचत नाही. पण तो आळशी आहे. चाव्यापासून मज्जातंतूंतून सरकत मेंदूपर्यंत पोचायला त्याला आठवडे, कधी महिने लागतात. त्या सवडीतच १८८५ मध्ये पाश्चरनं जोसेफ माइस्टर नावाच्या मुलाला चाव्यानंतर लस देऊन वाचवलं. आमच्या आधीच्या पिढीला पोटातल्या चौदा सुया आठवतात. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, आपल्याकडे २००४ च्या अखेरीस तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे रेबीजमध्ये शरीराला शर्यतीत पुढे सोडायला वेळ मिळतो. चांदीपुऱ्यात तेवढा वेळच नाही. लस असलीच तर आधी दिलेली हवी.

मुलंच का? उंदरांवरच्या प्रयोगांत याचं अर्धं उत्तर मिळतं. विषाणू पोटात टोचला तर नुकती जन्मलेली पिल्लं मरतात आणि मोठे उंदीर तगतात. मोठ्यांना मारायचं तर थेट मेंदूत टोचावा लागतो. म्हणजे मेंदूच्या वाटेवर कुठेतरी पहारा आहे आणि तो वयासोबत पक्का होतो. दुसरं अर्धं उत्तर रक्तात. साथीच्या भागांत वय वाढतं तशी प्रतिपिंडं असलेल्यांची संख्या वाढत जाते. त्यामुळे मोठ्यांना बहुधा लहानपणीच कधीतरी तो साध्या तापात गाठून गेलेला असतो. चेतापेशींत शिरल्यावर मात्र तो त्यांना आत्मनाशाच्या मार्गाला लावतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

लशीचे प्रयत्न झाले, आणि ते आपल्याच पुण्यात. २००९ मध्ये विषाणूच्या बाहेरच्या ग्लायकोप्रोटीन या प्रथिनावर आधारलेली लस उंदरांवर तपासली गेली. २०११ मध्ये व्हेरो पेशींत विषाणू वाढवून, तो मारून बनवलेली लस आली. व्हेरो म्हणजे आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी, रेबीजच्या आजच्या लशीही त्यांत बनतात. दोन्ही प्रयत्नांत उंदीर वाचले, पण माणसांपर्यंत गाडी गेली नाही. याला निष्काळजीपणा म्हणून मोकळं होता येतं, पण गणित बघायला हवं. लस खरंच वाचवते हे सिद्ध करायला हजारो मुलांना ती टोचून पावसाळाभर वाट बघावी लागेल, आणि साथ कोणत्या वर्षी, कोणत्या तालुक्यात येईल हे ठरलेलं नसतं. ज्या गावात चाचणी लावली तिथे त्या वर्षी एकही मूल आजारी पडलं नाही, तर हाती काय? बरं, जिथे साथ येते तिथली माणसं मातीच्या घरातली, रोजमजुरी करणारी. लस विकत घेणारा ग्राहक कंपनीला तिथे दिसत नाही. माझ्या मते अडलं आहे ते या दुसऱ्या कारणावर. पहिल्यावर उपाय शोधता आला असता.

एका गोष्टीनं मात्र मला नेहमी चुटपुट लागते. चांदीपुऱ्याच्याच पोटजातीतला, अमेरिकेतल्या गुराघोड्यांच्या तोंडात फोड आणणारा एक विषाणू आहे. त्याचा बाहेरचा प्रथिनाचा कोट काढून तिथे इबोलाचा कोट चढवला, आणि २०१९ मध्ये इबोलाची लस मंजूर झाली. दुसऱ्याच्या आजाराची लस खांद्यावर वाहून नेण्याइतकं हे घराणं विज्ञानाच्या ओळखीचं झालं आहे.

२०२४ मध्ये गुजरातेत साबरकांठा भागातून पुन्हा सुरुवात झाली. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशभरातून मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले, आणि ६४ जणांत चांदीपुरा पक्का झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं ही वीस वर्षांतली सर्वांत मोठी साथ म्हटली. त्यानंतर पुण्यात कोविडच्या काळात गाजलेल्या फॅविपिराविर या औषधाचा प्रयोग झाला. पेशींवर आणि उंदरांवर निकाल आशादायक आहेत.

तोवर राहते ती भिंत. वाळूमाशी डबक्यात वाढत नाही, म्हणून टाकी झाकून, कूलर पुसून तिचं काही बिघडत नाही. तिची अंडी ओलसर मातीत, शेणकाडीत, भिंतीच्या भेगांत. उडते कमी, टुणटुण उड्या मारते जास्त. मलेरियासाठी डीडीटी मारत तेव्हा तीही मरायची. २०१४ मध्ये नागपूर भागातल्या सर्जेंटोमायिया जातीच्या वाळूमाशीत हा विषाणू मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा अभ्यासकांच्या भुवया उंचावल्या, कारण ही जात मुख्यतः पाली-सरड्यांचं रक्त पिते असं मानत असत.

आशाताई गेल्यावर रात्री मी टॉर्च घेऊन काकूंच्या गोठ्यात गेलो. समोरचं घर घरकुलातलं, सिमेंटचं, पण गोठा जुनाच, कुडामातीचा. गव्हाणीच्या वर भिंतीला बोटभर रुंद भेग. पाच मिनिटं उजेड स्थिर धरल्यावर दिसली: डासाच्या पाव आकाराची, भुरकट, केसाळ, पंख पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे. आवाज अजिबात नाही. बोट जवळ नेलं तशी वीतभर उडी मारून दुसऱ्या भेगेत गेली. "दिसली का?" काकूंनी विचारलं. हो म्हटलं. त्यांनी टोपल्यातला शेण-मातीच्या काल्याचा मळलेला गोळा उचलला आणि आधी ती दुसरी भेग बुजवली.