फुप्फुस मिटलंय की भोवती पाणी साचलंय?

बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसाचा तळ पांढरा दिसणं अगदी नेहमीचं आहे. कारणं मुख्यतः दोन. एक म्हणजे अ‍ॅटेलेक्टेसिस, यात फुप्फुसाचा तेवढा भाग आतली हवा निघून गेल्याने मिटलेला असतो. दुसरं प्लुरल इफ्यूजन, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणात साचलेलं पाणी. धाप, ऑक्सिजन कमी होणं, स्टेथोस्कोपने श्वासाचा आवाज मंद येणं, बोटाने ठोकल्यावर बद्द आवाज येणं, हे सगळं दोन्हींत सारखंच. उपचार मात्र पूर्ण वेगळे.

हार्ट-लंग मशीन चालू असताना फुप्फुसांना सहसा हवा दिली जात नाही, तिथूनच ती मिटायला लागतात. पुढे छातीच्या हाडाच्या दुखण्यामुळे रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ अडकतो. म्हणून हा त्रास पहिल्या एक-दोन दिवसांत दिसतो. पाणी डावीकडे जास्त साचतं, कारण बायपाससाठी छातीच्या आतली धमनी सोडवताना डावं आवरण बऱ्याचदा उघडलं जातं. ड्रेनची नळी गुठळीने तुंबली तर रक्तही आतच राहतं. इफ्यूजन लगेच दिसू शकतं, तसंच घरी गेल्यावर काही आठवड्यांनी वाढूही शकतं.

एक्स-रे बघताना एकच प्रश्न विचारावा: छातीतली जागा कमी झाली की भरली? मिटलेलं फुप्फुस श्वासनलिका आणि हृदय आपल्याकडे ओढतं, त्या बाजूचा श्वासाचा पडदा (डायफ्राम) वर सरकतो. भरपूर पाणी त्यांना पलीकडे ढकलतं. उभ्याने काढलेल्या फिल्ममध्ये कडेचा कोपरा बुजायला साधारण २०० मिली पाणी लागतं. आयसीयूत रुग्णाला आडवं ठेवून फिल्म काढतात, पाणी पाठीमागे पसरतं आणि नुसता धुरकटपणा दिसतो. इथेच फसगत होते. त्यातच साचलेलं पाणी शेजारचं फुप्फुस दाबून मिटवतं, त्यामुळे दोन्ही एकत्रही सापडतात.

म्हणून पाणी काढायला सुई घालण्याआधी सोनोग्राफी झालीच पाहिजे, याला अपवाद नको. साधं पाणी काळं दिसतं, मिटलेलं फुप्फुस यकृतासारखं घट्ट. पाणी समजून मिटलेल्या फुप्फुसात सुई गेली तर न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचणं, होऊ शकतो.

मिटलेल्या फुप्फुसाला हवा हवी. आधी वेदनाशामक पुरेसं द्यावं, नाहीतर बाकी सगळं फुकट. रुग्णाला खुर्चीत बसवावं, चालवावं. सावकाश खोल श्वास घेऊन ३ ते ५ सेकंद रोखायचा, जागेपणी दर तासाला सुमारे दहा वेळा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. स्पायरोमीटरचे (श्वासाच्या व्यायामाच्या यंत्राचे) गोळे उडवण्यासाठी झटक्यात ओढलेला श्वास कामाचा नाही, आणि चालण्याची जागा ते यंत्र घेऊ शकत नाही. एवढ्यावर भागलं नाही तर मास्कने सीपॅप (सतत दाबाने हवा देणं), बहुधा ५ ते १० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने. नुसता ऑक्सिजन वाढवल्याने आकडा सुधारतो, फुप्फुस उघडत नाही. कफाची गुठळी घट्ट बसली असेल तर ब्रॉन्कोस्कोपीने (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) काढतात.

सीपॅपने पाणी निघत नाही. थोडं असेल तर ते बहुधा आपोआप जिरतं. शरीरात एकूणच पाणी वाढलं असेल तर लघवीचं औषध उपयोगी पडतं. धाप लागण्याइतकं असेल तर काढावं लागतं, रक्त पातळ करणारी औषधं तपासूनच. एका वेळी १ ते १.५ लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत, आणि छाती आवळली किंवा सारखा खोकला सुरू झाला तर तिथेच थांबतात. फुप्फुस एकदम फुगलं की त्यातच पाणी उतरू शकतं.

धाप अचानक वाढली, नाडी वेगात आणि रक्तदाब खाली, तर या दोन्हींच्या चर्चेत वेळ घालवू नये. आधी टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त किंवा पाणी साचून हृदय दाबलं जाणं), न्यूमोथोरॅक्स आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतली गुठळी तपासावी.